पाच वॅटची हाक

बिनतारी संदेशांच्या जगात तीन अक्षरांचा एक संकेत आहे, 'क्यूआरपी'. तारायंत्राच्या जमान्यात जहाजांवरचे आणि बंदरांवरचे ऑपरेटर निरनिराळ्या भाषांचे असत. त्यांना एकमेकांशी थोडक्यात बोलता यावे म्हणून 'क्यू'ने सुरू होणारे असे अनेक संकेत ठरवले गेले. क्यूआरपी म्हणजे 'पाठवण्याची शक्ती कमी करा'. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह लावले की अर्थ होतो, 'मी माझी शक्ती कमी करू का?'

हौशी रेडिओचालकांना जगभर 'हॅम' म्हणतात. त्यांच्यातल्या हजारो लोकांनी हा प्रश्न स्वतःलाच विचारला आणि उत्तर 'हो' असे दिले. मोर्सच्या कडकट्टासाठी जास्तीत जास्त पाच वॅट आणि बोलण्यासाठी जास्तीत जास्त दहा, अशी मर्यादा त्यांनी स्वखुशीने पाळली आहे. पाच वॅट म्हणजे न्हाणीघरातल्या एलईडी दिव्याला लागते तेवढी वीज. तेवढ्या विजेवर हे लोक गच्चीवर तार बांधतात आणि ब्राझील, जपान, दक्षिण आफ्रिकेशी बोलतात. मध्ये उपग्रह नसतो, इंटरनेट नसते, कुठल्या कंपनीचा मनोराही नसतो.

वरवर पाहता हा एक विक्षिप्त शौक वाटेल. हजार वॅटची परवानगी असताना पाचवर कशाला थांबायचे? पण रेडिओचा इतिहास उघडून पाहिला तर दिसते की थोड्या शक्तीत दूरवर पोहोचण्याच्या या खटाटोपाने एकेकाळी साम्राज्यांचे आराखडे बदलायला भाग पाडले होते. या इतिहासाचे एक टोक आपल्या खडकी-दौंडलाही येऊन भिडते.

टाकाऊ ठरवलेल्या लहरी

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स इथे पतंगाला बांधलेल्या तारेवर मोर्समधले 'एस' हे अक्षर ऐकल्याचे सांगितले. तीन टिंबे, बस्स. ती अटलांटिकच्या पलीकडून, इंग्लंडमधल्या पोल्डू केंद्रातून आली होती. तिथे सुमारे २५ किलोवॅटचा जनित्रसंच धडधडत होता. मार्कोनीने खरोखर तो संदेश ऐकला की वादळी हवेची खरखर, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण त्या प्रयोगातून जगाने एक धडा घेतला. लांब पोहोचायचे तर लहर लांब हवी आणि शक्ती प्रचंड हवी. पुढची वीस वर्षे सरकारे आणि कंपन्या याच वाटेने चालत राहिल्या. लहरींची लांबी हजारो मीटरवर गेली, मनोरे उंच होत गेले, यंत्रे शेकडो किलोवॅटची झाली. ब्रिटिश टपाल खात्याने १९२६ मध्ये रग्बी इथे सुरू केलेल्या केंद्राला अडीचशे मीटर उंचीचे बारा मनोरे होते.

या शर्यतीत हौशी पोरांना जागा नव्हती. अमेरिकेत तर नौदलाची तक्रारच होती की ही मुले आमच्या संदेशांत व्यत्यय आणतात. शेवटी १९१२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला. हौशी लोकांनी २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवरच राहावे, असे त्यात ठरले. त्या काळच्या शास्त्रीय समजुतीप्रमाणे इतक्या आखूड लहरी फार तर जवळपासच्या गावापर्यंत पोहोचतील, मग विरून जातील. गावकीने चांगली जमीन आपसांत वाटून घ्यावी आणि वेशीबाहेरचा खडकाळ माळ कुणाच्या तरी माथी मारावा, तसाच हा प्रकार होता. हौस आपोआप मरेल, असा त्यामागचा हिशेब होता.

हौस मेली नाही. १९१४ मध्ये हायराम पर्सी मॅक्झिम आणि क्लॅरेन्स टस्का यांनी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' उभी केली. नावातच कल्पना आहे. आपली शक्ती कमी, पल्ला थोडा, तर संदेश एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला द्यायचा. दवंडी एका गावातून दुसऱ्या गावात जावी तसा.

अर्ड्रोसनचा तंबू

मग या लोकांच्या मनात आले की आपला आवाज अटलांटिक ओलांडतो का, ते तरी पाहू. त्यांनी काय केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. मोठे यंत्र बांधण्याआधी त्यांनी एक चांगला ऐकणारा शोधला. पॉल गॉडली हा त्या काळचा नावाजलेला रिसीव्हर-तज्ज्ञ. त्याला लीगने जहाजाने स्कॉटलंडला धाडले. १९२१ च्या डिसेंबरात अर्ड्रोसन या किनाऱ्यावरच्या गावी, ओल्या शेतात तंबू ठोकून, शेकडो फूट लांब तार जमिनीपासून थोड्या उंचीवर ताणून तो रात्र रात्र कानाला हेडफोन लावून बसला. हवा थंड, पाऊस आणि वारा. अशा हवेत त्याने अमेरिकेतली जवळजवळ तीस हौशी केंद्रे ऐकली. त्यातले कनेक्टिकटचे '१बीसीजी' हे केंद्र सुमारे २३० मीटरवर, एक किलोवॅटच्या आसपास चालत होते. मोठ्या कंपन्या याच अंतरासाठी त्याच्या कितीतरी पट शक्ती जाळत होत्या.

हे एकतर्फी ऐकणे झाले. दोन्ही बाजूंनी बोलणे झाले ते नोव्हेंबर १९२३ मध्ये. फ्रान्समधल्या नीस शहरातून लिओं दलॉय आणि कनेक्टिकटमधून फ्रेड श्नेल व जॉन राइनार्ट्झ यांनी शंभर मीटरच्या आसपास खाली उतरून एकमेकांशी संवाद साधला. २०० मीटरवर जे जेमतेम जमत होते, ते निम्म्या लांबीच्या लहरीवर सहज जमले. म्हणजे जो माळ निरुपयोगी म्हणून दिला होता, त्यात जितके आत जावे तितके पाणी गोड लागत होते!

पुढच्याच वर्षी कमाल झाली. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनच्या मिल हिल शाळेतला अठरा वर्षांचा विद्यार्थी सेसिल गॉयडर याने शाळेतल्या आपल्या केंद्रावरून न्यूझीलंडशी दुतर्फा संपर्क साधला. पलीकडे होता ओटागो प्रांतात मेंढपाळीच्या वाडीवर राहणारा फ्रँक बेल. पहिल्या महायुद्धातून तो आजारी होऊन परतला होता. घरच्या घरी यंत्र जुळवून तो प्रयोग करी. ब्रिटन आणि न्यूझीलंड म्हणजे पृथ्वीची जवळजवळ दोन टोके. सरकारांना जे अंतर कापायला अगडबंब केंद्रे लागतील असे वाटत होते, ते एका शाळकरी पोराने आणि एका शेतकऱ्याने कापले. फ्रँक पुढे शेतीत रमला. त्याचे केंद्र बहीण ब्रेंडा बेल हिने चालवले. न्यूझीलंडची ती पहिली महिला रेडिओचालक. १९२७ मध्ये तिने दक्षिण आफ्रिकेशी संपर्क साधला.

सेसिल गॉयडर हे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे, तेही आपल्या मुलखात.

आकाशाचे छप्पर

हे घडले कसे? शास्त्रज्ञांचे गणित चूक नव्हते, अपुरे होते. आखूड लहरी जमिनीलगत चालताना खरोखरच लवकर विरतात. पन्नास-शंभर मैलांवर त्या ऐकूही येत नाहीत. पण वर गेलेल्या लहरींचा हिशेब कुणी नीट मांडलेला नव्हता. पृथ्वीपासून साधारण शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर हवा अतिशय विरळ आहे. सूर्याच्या किरणांनी तिथले अणू फुटून विद्युतभारित होतात. हा थर लघुलहरींना वाकवून परत जमिनीकडे पाठवतो. जमिनीवर आपटून त्या पुन्हा वर जातात, पुन्हा खाली येतात. तळ्यात भिरकावलेली चपटी खापरी टप्पे घेत पलीकडे जावी, तशा. असा थर असावा असा अंदाज हेविसाइड आणि केनेली यांनी १९०२ मध्येच केला होता. एडवर्ड अॅपल्टनने १९२४ च्या अखेरीस प्रयोगाने तो सिद्ध केला. त्याबद्दल त्याला १९४७ चे नोबेल मिळाले. आपल्याकडे कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र यांनी याच थरांच्या अभ्यासात मोलाचे काम केले. वरच्या वातावरणावरचा त्यांचा ग्रंथ जगभर वाचला गेला.

आता शक्तीचा प्रश्न. शंभर वॅटवरून पाच वॅटवर आलो तर आवाज वीसपट बारीक होईल, असे वाटते. कान आणि रिसीव्हर असा सरळ हिशेब करत नाहीत. रिसीव्हरवरच्या मापकाचा एक आकडा खाली यायला शक्ती चौपट कमी व्हावी लागते. शंभराचे पंचवीस केले की एक आकडा उतरला, पंचवीसचे सव्वासहा केले की दुसरा. म्हणजे शंभरावरून पाचवर येताना ऐकणाऱ्याच्या मापकावर फरक पडतो तो दोन आकड्यांहून थोडासा जास्त. आकाशाचे छप्पर अनुकूल असेल, तार योग्य उंचीवर असेल आणि ऐकणारा तयारीचा असेल, तर एवढा फरक सहज पचतो. छप्पर प्रतिकूल असेल तर हजार वॅटही डोके आपटून परत येतात. सूर्यावरच्या डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र, दिवस-रात्र, ऋतू, हे सगळे ज्याला कळते त्याला कमी शक्ती पुरते. बाकीची कसर शक्तीने भरून काढावी लागते, आणि ती नेहमी भरून निघतेच असे नाही.

खडकी, दौंड आणि दिल्ली

हौशी लोकांचे हे यश कंपन्यांनी पाहिले. मार्कोनीही गप्प बसलेला नव्हता. १९२३ पासून तो आणि त्याचा अभियंता चार्ल्स फ्रँकलिन 'इलेट्रा' या बोटीवरून लघुलहरींचे प्रयोग करत होते. साम्राज्यभर प्रचंड दीर्घलहरी केंद्रांची साखळी बांधण्याचा जुना आराखडा मागे पडला. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने मार्कोनी कंपनीशी 'बीम' पद्धतीचा करार केला. यात लघुलहरी एका दिशेला एकवटून सोडल्या जात, आणि शक्ती दीर्घलहरींच्या मानाने कितीतरी कमी लागे. १९२७ मध्ये भारत-ब्रिटन बीम सेवा सुरू झाली. तिचे प्रेक्षक केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्राहक केंद्र दौंडला होते. ही सेवा इतकी स्वस्त आणि वेगवान ठरली की समुद्राखालून केबली टाकणाऱ्या बलाढ्य कंपन्यांचे धाबे दणाणले. अखेर १९२९ मध्ये केबल आणि बिनतारी यांचा धंदा एकत्र करावा लागला. वेशीबाहेरच्या माळावर पाणी लागल्यावर सगळ्या गावाने तिथे विहिरी खोदायला धाव घेतली, ती अशी.

आता गॉयडरकडे येऊ. मिल हिलचा तो विद्यार्थी शिकून अभियंता झाला आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून दिल्लीत आला. त्याच्यापुढचा प्रश्न सोपा नव्हता. देश खंडाएवढा, पैसा तुटपुंजा. मध्यमलहरींचे केंद्र शहर आणि आसपासचा टापू एवढेच व्यापते. सगळ्या देशाला पुरतील इतकी केंद्रे बांधणे त्या अर्थसंकल्पात शक्य नव्हते. गॉयडरच्या योजनेत लघुलहरींना मोठे स्थान मिळाले. १९३८ पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे लघुलहरी प्रक्षेपण सुरू झाले, आणि ज्या गावांच्या जवळपास केंद्र नव्हते तिथेही देशातला आवाज पोहोचू लागला. गॉयडर १९४६ पर्यंत या पदावर होता. त्यातला बराच काळ उर्दू विनोदी साहित्यातले दिग्गज पतरस बुखारी या संस्थेचे प्रमुख होते. आपल्या आजोबा-पणजोबांनी बाजारात उभे राहून ज्या बातम्या ऐकल्या, त्यांच्या प्रवासात शाळेतल्या त्या प्रयोगशाळेचाही वाटा होता.

युद्धातले कान

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटनमध्ये हॅमचे प्रेक्षक संच सरकारजमा झाले. भारतातही तेच झाले. बोलायला बंदी झाली, पण सरकारला लवकरच कळले की या लोकांजवळ एक चीज आहे जी जप्त करता येत नाही. ती म्हणजे त्यांचे कान. गोंगाटात बुडालेला, जेमतेम ऐकू येणारा मोर्सचा धागा पकडायची तालीम त्यांनी वर्षानुवर्षे केलेली होती. ब्रिटनच्या 'रेडिओ सिक्युरिटी सर्व्हिस'ने असे सुमारे पंधराशे स्वयंसेवक गुपचूप कामाला लावले. दिवसा नोकरी करायची आणि रात्री घरातल्या माळ्यावर बसून जर्मन हेरखात्याचे बारीक संकेत टिपायचे. टिपणांचे कागद 'बॉक्स २५, बार्नेट' या टपाल पेटीच्या पत्त्यावर जात. तिथून ते सांकेतिक लिपी फोडणाऱ्या ब्लेचली पार्कला पोहोचत. जर्मन हेरखात्याची लिपी फुटली, त्यात या माळ्यांवरच्या जागरणांचा मोठा हात होता.

थोड्या शक्तीचे यंत्र हे जिवाशी खेळही असते, हे त्याच काळात दिसले. इथे दोन तरुण मुलींची आठवण काढावी लागते. दोघीही हॅम नव्हत्या, पण दोघींचे काम याच तंत्रावर उभे होते.

पहिली नूर इनायत खान. बडोद्यात जन्मलेल्या सूफी इनायत खान यांची मुलगी, टिपू सुलतानच्या वंशातली. जून १९४३ मध्ये तिला रात्रीच्या विमानाने जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरवले गेले. तिकडे रेडिओ ऑपरेटर म्हणून पाठवलेली ती पहिली स्त्री. सुटकेसमध्ये मावणारा संच, खिडकीबाहेर लपवलेली तार. समुद्रापलीकडे इंग्लंडमधल्या केंद्रांत तरुण मुली ठरल्या वेळी हेडफोन लावून बसत आणि अशा ऑपरेटरांचा क्षीण संकेत शोधत. इकडे पॅरिसच्या रस्त्यांवर जर्मनांच्या शोधगाड्या फिरत. जितका वेळ बोलावे, तितका धोका. ऑक्टोबरात नूर पकडली गेली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली. ब्रिटनने १९४९ मध्ये तिला जॉर्ज क्रॉस दिला.

दुसरी उषा मेहता. नूर पॅरिसला उतरण्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट १९४२ मध्ये, मुंबईत तिने आणि तिच्या साथीदारांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. सगळे पुढारी तुरुंगात, वृत्तपत्रांवर सेन्सॉर. यंत्राच्या बाबतीत त्यांना नरिमन प्रिंटर या मुंबईच्या रेडिओ-जाणकाराची मदत झाली. पोलिसांच्या शोधगाड्यांना चुकवत केंद्र या घरातून त्या घरात हलत राहिले. १२ नोव्हेंबरला छापा पडला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

एक ब्रिटिशांच्या बाजूने लढत होती, दुसरी ब्रिटिशांविरुद्ध. पण दोघींचा शत्रू एकाच गोष्टीला घाबरत होता. पेटीएवढ्या यंत्रातून निघणारा बारीक आवाज पलीकडे कुणीतरी कान लावून ऐकत आहे, याला.

तराफ्यावरून ऑस्लोला

युद्ध संपल्यावर या तंत्राची एक सुंदर कसोटी लागली. १९४७ मध्ये थॉर हेयरडाल आणि त्याचे पाच सोबती 'कोन-टिकी' नावाच्या बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पेरूहून पॅसिफिकमध्ये निघाले. १०१ दिवसांत त्यांनी सुमारे ७,००० किलोमीटर अंतर कापले. त्यांचे रेडिओ ऑपरेटर क्नुट हाउगलंड आणि टोर्स्टाइन रॉबी हे दोघेही युद्धात नॉर्वेच्या प्रतिकार चळवळीत गुप्त संच चालवून तयार झालेले होते. तराफ्यावर वीज होती ती बॅटऱ्यांची आणि हाताने फिरवायच्या जनित्राची. प्रेक्षकाची शक्ती दहा वॅटच्या आसपास. तार उंच नेण्यासाठी कधी फुगा, कधी पतंग. अमेरिका खंडातले हौशी चालक त्यांचे संदेश आणि हवामानाच्या नोंदी टिपून पुढे पाठवत. एकदा तर त्यांचा संपर्क थेट ऑस्लोशी झाला. अंतर सुमारे १६,००० किलोमीटर, यंत्र भिजके, शक्ती दिव्याएवढी.

तराफा रारोइआ बेटाच्या प्रवाळावर आपटून फुटल्यावर ते वाचले आणि बेटवासीयांचे पाहुणे झाले. तिथे एक लहान मुलगा डोक्यावर मोठे गळू होऊन तापाने फणफणला होता. या मंडळींनी रेडिओवरून लॉस एंजेलिसच्या एका हौशी चालकाला गाठले, त्याच्यामार्फत डॉक्टरचा सल्ला घेतला आणि जवळच्या पेनिसिलिनने पोराला वाचवले.

कमी करण्याची चळवळ

एवढे सगळे सिद्ध झाल्यावरही माणसाचा स्वभाव जात नाही. साठच्या दशकापर्यंत हौशी लोकांमध्येही हजार वॅटची चढाओढ लागली. ज्याचा आवाज मोठा त्याला आधी उत्तर मिळे, बाकीचे खाली दबत. या चढाओढीला कंटाळून १९६१ मध्ये अमेरिकेत क्यूआरपी क्लब निघाला. सुरुवातीला त्याची मर्यादा शंभर वॅट होती. पुढे ती पाचवर आली. १९७४ मध्ये जॉर्ज डॉब्स या इंग्लंडमधल्या पाद्रीसाहेबांनी जी-क्यूआरपी क्लब काढला. थोडक्यात जे होते ते जास्त खर्चून करण्यात अर्थ नाही, हे मध्ययुगीन तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकमच्या नावे चालत आलेले सूत्र त्यांनी क्लबसाठी घेतले. क्लबच्या 'स्प्रॅट' या त्रैमासिकात पानोपानी हाताने बांधायच्या छोट्या यंत्रांचे नकाशे असत. १९७६ मध्ये डग डीमॉ या अमेरिकन अभियंत्याने टूना माशाच्या रिकाम्या डब्यावर दोन ट्रान्झिस्टरचा प्रेक्षक बांधून दाखवला. त्याची शक्ती अर्ध्या वॅटहूनही कमी. आजही लोक तो बांधतात.

या मंडळींनी विक्रमांची मोजपट्टीही बदलली. किती दूर गेलात, एवढेच ते विचारत नाहीत. एका वॅटमागे किती मैल गेलात, असे विचारतात. एका वॅटमागे हजार मैल जमले की प्रमाणपत्र मिळते. १९७० मध्ये अलास्का आणि ओरेगन यांच्यात दहा मीटरच्या लहरीवर एक मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटचा दहालाखावा भाग, वापरून सुमारे १,६५० मैलांवर संपर्क झाला. हिशेब केला तर वॅटमागे दीड अब्ज मैलांहून जास्त!

भारतात या चळवळीला वेगळाच संदर्भ होता. इथे कमी शक्ती ही पुष्कळांसाठी निवड नव्हती, मजबुरी होती. परदेशी संच महाग, त्यावर जकात. युद्धानंतर भंगारात निघालेल्या लष्करी सामानातून, जुन्या रेडिओच्या सुट्या भागांतून लोक यंत्रे जुळवत. या मजबुरीतून एक देणगी जगाला मिळाली. हैदराबादचे अभियंते अशहर फरहान यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात 'बिटएक्स' नावाचा संच रचला. जवळच्या दुकानात मिळणाऱ्या भागांतून बांधता यावा, हीच अट. त्यासाठी लागणारी खास लोहचूर्णाची कडी आपल्याकडे मिळत नसत, म्हणून त्यांनी नळाच्या वॉशरवर तार गुंडाळली! शक्ती सहा वॅटच्या आसपास. नकाशा त्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला. पुढे त्याची तयार पाटी अगदी स्वस्तात मिळू लागली. अमेरिका-युरोपातल्या ज्यांना हजारो डॉलरचे संच सहज परवडतात, त्यांनीही हा हैदराबादी संच हौसेने मागवला. त्यात बदल केले, सुधारणा केल्या आणि त्या पुन्हा सगळ्यांना वाटल्या. फरहान हे हैदराबादच्या 'लामकान' या खुल्या सांस्कृतिक जागेच्या उभारणीतही पुढे होते. जागा असो की नकाशा, दार उघडे ठेवायचे, ही एकच वृत्ती दोन्हीकडे दिसते.

कोलाहल

अलीकडे या खेळात संगणक आला. १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे जोसेफ टेलर हे स्वतः हॅम आहेत. दूरच्या ताऱ्यांचे क्षीण स्पंद पकडण्यात त्यांनी आयुष्य घालवले. तेच ज्ञान वापरून त्यांनी २००८ मध्ये 'व्हिस्पर' नावाची पद्धत दिली. यात एक छोटासा संदेश जवळजवळ दोन मिनिटे सावकाश पाठवला जातो, आणि मानवी कानाला ऐकूही येणार नाही इतका बारीक असला तरी संगणक तो खरखरीतून वेगळा काढतो. वाढदिवसाच्या फुग्यांना पेन्सिलीएवढे यंत्र बांधून लोक ते आकाशात सोडतात. वॅटचा शंभरावा भाग शक्ती असलेले ते फुगे पृथ्वीला फेरी घालतात आणि त्यांची हाक खंडोखंडी नोंदली जाते.

जुने लोक कुरकुरतात की यात कान कुठे राहिला? तक्रार अगदीच खोटी नाही. रात्रभर जागून मोर्सचा एक धागा पकडण्यातली मजा पडद्यावर आपोआप उमटणाऱ्या ओळीत नाही. पण टेलर यांनी जे केले ते गॉडलीने तंबूत केले त्याच वाटेवरचे आहे. दोघांनीही पाठवणाऱ्याची शक्ती वाढवली नाही. ऐकण्याची ताकद वाढवली.

खरी अडचण दुसरीकडे आहे. आज शहरात रिसीव्हर लावला तर पहिल्यांदा ऐकू येतो तो शेजारच्या स्वस्त चार्जरचा, एलईडी दिव्यांच्या सर्किटचा, इन्व्हर्टरचा किचाट. प्रत्येक घरातून थोडी थोडी विद्युत खरखर निघते आणि तिचा जाड थर सगळ्या लहरींवर पसरतो. पाच वॅटची हाक आकाशातून आजही शंभर वर्षांपूर्वीसारखीच खाली येते. ती आपल्या छपरावर पोहोचते आणि आपल्याच गोंगाटात बुडते. म्हणून अनेक हॅम संच पाठीला लावून डोंगरावर, माळावर, समुद्रकाठी जातात. वीज जास्त मिळावी म्हणून जात नाहीत, शांतता मिळावी म्हणून जातात.

यातून शिष्टाचाराचा एक मुद्दा निघतो. लहरींचा पट्टा सगळ्यांचा आहे. तिथे एकाने विनाकारण हजार वॅट ओतले तर पलीकडचे दहा बारीक आवाज मरतात. म्हणूनच अमेरिकेच्या नियमांत हौशी चालकाने संपर्कापुरती किमान शक्तीच वापरावी असे लिहिलेले आहे. नियम फार जण पाळत नाहीत, ही गोष्ट वेगळी. आपल्या सार्वजनिक बोलण्यातही हल्ली असेच चालते. ज्याचा भोंगा मोठा त्याचे म्हणणे खरे, आणि ज्याच्याजवळ भोंगा नाही त्याने स्वतःचा भोंगा आणावा, असा सल्ला. रेडिओच्या शंभर वर्षांचा अनुभव या सल्ल्याच्या बाजूने उभा राहत नाही. अर्ड्रोसनला, बार्नेटच्या माळ्यांवर, कोन-टिकीच्या वेळी अंतर कापले गेले ते पलीकडे कुणीतरी आपली बडबड थांबवून ऐकत होते म्हणून.

क्यूआरपी चालकाची एक पद्धत आहे. तो आधी बराच वेळ नुसता ऐकतो. कोण कुठून बोलतो आहे, छप्पर आज कुठे झुकले आहे, कुठल्या कोपऱ्यात शांतता आहे, याचा अंदाज घेतो. मग आपली हाक देतो आणि शेवटी स्वतःच्या नावापुढे 'क्यूआरपी' जोडतो. त्याचा अर्थ पलीकडच्याला बरोबर कळतो. हा माणूस ओरडणार नाही, जरा कान देऊन ऐका. बहुतेक वेळा पलीकडचा मोठ्या शक्तीचा चालक थांबतो, इतरांनाही थांबायला सांगतो आणि त्या बारीक आवाजाला आधी उत्तर देतो.